मोशेचे हात जड झाले तेव्हा

प्रश्न : वय 81. पक्षाघातानंतर डावी बाजू लुळी आहे. अंघोळ, कपडे, संडास, सगळ्याला सूनबाई लागते. चाळीस वर्षे मंडळीत सेवा केली, आता स्वतःचे बटणही लागत नाही. ‘मी तुम्हांला विसावा देईन’ हे येशूचे वचन रोज वाचतो, पण विसावा मिळत नाही. तिला सारखे उठवायला नको म्हणून दुपारनंतर मी पाणी पिणेच सोडले आहे. चुकते का?

उत्तर : चुकते, आणि आधी पाण्याचेच बोलू. उतारवयात तहान मंदावते. त्यात पाणी तोडले की लघवी गडद होते, मूत्रमार्गाला संसर्ग होतो, पोट साफ होत नाही, उभे राहताना चक्कर येते, कधी भ्रमही होतो. म्हणजे जिचा त्रास वाचवायचा तिचाच वाढतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल, तर पाणी, चहा, सूप धरून दिवसाला दीड लिटर तरी पोटात जाऊ द्या. त्यातले बहुतेक संध्याकाळपर्यंत संपवा, झोपण्याआधी दोन तास थांबा आणि पलंगाशी उजव्या हाताला लघवीचे भांडे ठेवा.

उठण्याचेही एक तंत्र आहे. खुर्ची तुमच्या उजव्या, म्हणजे धडधाकट बाजूला लावावी. चाकाची असेल तर ब्रेक लावून. पलंगाच्या कडेला पाय जमिनीला टेकवून एक-दोन मिनिटे बसा. एकदम उठलात तर रक्तदाब उतरतो. सूनबाईंनी डाव्या बाजूला उभे राहून कमरेचा रुंद पट्टा धरावा. काखेत हात घालून किंवा डावा हात ओढून मुळीच उठवू नये. लुळ्या खांद्याचे स्नायू सांधा धरून ठेवत नाहीत, तो निसटतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. सदरा घालताना आधी डावा हात, काढताना आधी उजवा. एवढे पाळले की निम्मी ओढाताण कमी होते. समोरून उघडणारा सदरा घ्या आणि बटणांच्या जागी चिकटपट्टी शिवून घ्या.

आता विसाव्याचे. बायबलमधील निर्गमाच्या 17 व्या अध्यायात लढाई चालू असताना वर धरून ठेवलेले मोशेचे हात जड झाले (ते खाली आले की त्याचे लोक हरू लागत), तेव्हा त्याच्यासोबतच्या अहरोन आणि हूर यांनी काय केले ते क्रमाने वाचा. आधी त्याच्या बुडाखाली धोंडा ठेवला, मग एकाने एक हात धरला, दुसऱ्याने दुसरा, सूर्य मावळेपर्यंत. ‘मी ओझे झालो’ असे मोशे म्हणाल्याची तिथे नोंद नाही. येशूचा शिष्य पेत्र याने मात्र येशूकडून पाय धुऊन घ्यायला नकार दिला होता आणि त्याला येशूकडून ऐकावे लागले की मग माझ्याबरोबर तुला वाटा नाही. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे पाय धुतले त्यांना स्वतःचे पाय पुढे करणे सर्वांत जड जाते. आमच्या मते तुमची अडचण तिथेच आहे.

पण हात धरायला दोघे होते, हेही विसरू नका. तुमच्या घरी एकटी सूनबाई आहे. पाळकांना मोघम ‘प्रार्थना करा’ म्हणू नका; ‘मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा कोणी बसेल का’ असे विचारा. वार आणि वेळ नेमून दिली की माणसे येतात. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून गेलेले सहसा परत येत नाहीत.

प्रश्न : सकाळच्या गोळ्या खाऊनच घ्याव्या लागतात. कॅथलिक आहे. प्रभुभोजनाआधीचा उपवास मोडतो. शिवाय गिळताना ठसका लागतो.

उत्तर : कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे 1983 च्या धर्मसंहितेतील 919 व्या कलमानुसार वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना एका तासाच्या उपवासाचे बंधन नाही. पाणी आणि औषध तर कोणाचाच उपवास मोडत नाही. ठसका लागतो हे फादरांना आधी सांगा. होस्तियाचा, म्हणजे प्रभुभोजनातील पातळ भाकरीचा, अगदी बारीक तुकडा देता येतो, आणि घन गिळताच येत नसेल तर 925 व्या कलमानुसार नुसता द्राक्षारसही चालतो. मात्र पुष्कळांना पातळ पदार्थानेच जास्त ठसका लागतो, म्हणून तुमचे काय होते ते गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडून पाहून घ्या. घेताना ताठ बसा, मान मागे टाकू नका.

प्रश्न : आईला पवित्र तेल लावून घेऊ म्हटले की भाऊ म्हणतो, ‘एवढ्यात कशाला?’

उत्तर : ‘अंत्यलेपन’ या जुन्या नावाने हा घोळ केला आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच सांगितले की याला आजाऱ्यांचे अभ्यंग म्हणणे अधिक योग्य, आणि 1972 मध्ये विधी सुधारला गेला. मोठा आजार नसला तरी वयाने बराच अशक्तपणा आला असेल तर हा संस्कार देता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेआधीही देतात आणि प्रकृती पुन्हा ढासळली तर पुन्हा. आई शुद्धीवर आहे, ‘आमेन’ स्वतः म्हणू शकते, तोवरच फादरांना बोलवा. भावालाही त्या वेळी खोलीत बसवा.