न्यूयॉर्कच्या 'टाउन'ला शहर म्हणू नका

एका वाचकाचा प्रश्न आहे: 'न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक या छोट्या गावाचा आणि तिथल्या शाळांचा इतिहास मराठीत आणतो आहे. "व्हिलेज ऑफ किंडरहूक, टाउन ऑफ किंडरहूक" याचं भाषांतर "किंडरहूक शहरातील किंडरहूक खेडे" असं चालेल का? व्हिलेजला खेडं म्हणावं की गाव?'

चालणार नाही. शहराच्या पोटात खेडं ही रचना तुम्हाला खटकली हे बरं झालं, कारण बहुतेकांना ती खटकतच नाही. टाउन दिसलं की 'शहर' आणि व्हिलेज दिसलं की 'खेडं' असा सरधोपट शिक्का वर्तमानपत्रांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सगळीकडे मारला जातो. न्यूयॉर्क राज्यात टाउन हा जमिनीचा तुकडा असतो. कौंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची, वाटणी टाउनांमध्ये होते, आणि त्या तुकड्यात शेतं, रानं, ओढे, वस्त्या सगळं येतं. किंडरहूकचं टाउन 1788 सालच्या कायद्याने झालं. त्या टाउनच्या आत लोकांनी स्वतःची वेगळी नगरपालिका मागून घेतली की ती वस्ती व्हिलेज होते. किंडरहूक व्हिलेज 1838 मध्ये झालं, शेजारचं गिरण्यांचं व्हॅलेशा 1856 मध्ये. (त्याचं स्पेलिंग वाचून 'व्हॅलाटी' लिहू नका, तिथले लोक 'व्हॅलेशा' म्हणतात.) व्हिलेजमध्ये राहणारा माणूस टाउनचाही मतदार असतो आणि दोन्हीकडे कर भरतो. नायव्हरव्हिल ही त्याच टाउनमधली तिसरी वस्ती. तिला नगरपालिका नाही, म्हणून ती हॅम्लेट. आकाराचा इथे काही संबंध नाही. त्याच राज्यात हेम्पस्टेड नावाच्या एका टाउनमध्ये साडेसात लाखांहून जास्त लोक राहतात, आणि किंडरहूक व्हिलेजात हजार-बाराशे.

व्हिलेज शब्द लॅटिन 'व्हिला'वरून आला, हे कुठल्याही कोशात मिळेल. त्यात वेळ घालवत नाही. खरी गंमत 'टाउन'मध्ये आहे.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'टून' असा होता आणि त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा. जर्मनमधला त्याचा सख्खा भाऊ 'त्साउन', त्याचा अर्थ आजही कुंपण. डचमधला भाऊ 'टाउइन', त्याचा अर्थ बाग. म्हणजे एकाच मूळ शब्दाचा जर्मनांनी कूड ठेवला, डचांनी कुडाआतली बाग ठेवली आणि इंग्रजांनी बागेभोवती वसलेली माणसं ठेवली. किंडरहूक हे मुळात डच शेतकऱ्यांचं गाव. हडसन खोऱ्यातली डच सत्ता 1664 मध्ये गेली, पण भाषा घरांत पुढे दीडशे वर्षं टिकली. या गावात 1782 मध्ये जन्मलेले मार्टिन व्हॅन ब्युरेन पुढे अमेरिकेचे आठवे राष्ट्राध्यक्ष झाले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती असे ते एकमेव राष्ट्राध्यक्ष. घरात डचच बोलत. तेव्हा कागदावर इंग्रजी 'टाउन' उमटलं, त्या वेळी त्याच शब्दाचं डच रूप तिथल्या परसातल्या भाजीच्या वाफ्यांना लागू होतं!

आता मराठीत या. कोकणात 'नारळाची वाडी' म्हणजे बाग. 'आमच्या वाडीतली माणसं' म्हणजे वस्ती. मोल्सवर्थ यांनी आपल्या कोशात वाडीचा पहिला अर्थ कुंपणातली शेतजमीन किंवा बाग असा दिला आहे आणि दुसरा शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका. हा क्रम अगदी योग्य आहे. मागे संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण, आवार. (रस्ता या अर्थाची मराठी वाट वेगळी, ती 'वर्त्म'वरून.) भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश करणारे टर्नर यांनी या 'वाट'चा संबंध 'वृति'शी, म्हणजे वेढणाऱ्या कुडाशी जोडला आहे, आणि तीच वृति आपल्याकडे 'वई' होऊन कोकणातल्या परड्यांभोवती अजून उभी आहे. जर्मन, डच आणि इंग्रज या तिघांनी जे अर्थ वाटून घेतले, ते वाट, वाडी, वई या एकाच घराण्यात आपल्याकडे नांदतात. दोन्ही घराण्यांचं मूळ वेगळं आहे, 'टून' आणि 'वाट' एकमेकांचे नातेवाईक नाहीत. तरी अर्थाचा प्रवास पावलापावलाने तोच झाला.

तो तसाच का झाला याचं माझं उत्तर आहे: राखण. कुंपण पिकासाठी घालतात, पण नुसत्या कुंपणाने पीक वाचत नाही. रात्री कुणीतरी तिथे झोपावं लागतं. त्याची खोप पडते, पुढे बायकोपोरं येतात, गुरं येतात, आणि कुंपणाचं नाव वस्तीला चिकटतं. अमेरिकेतल्या जुन्या टाउनांचा कारभार बघा. टाउनच्या सभेत कोण निवडले जायचे? कुंपणं धड आहेत की नाहीत ते बघणारे आणि त्यावरचे तंटे सोडवणारे पंच! त्यांचं पद काही राज्यांच्या कायद्यात आजही आहे. आणि मोकाट जनावरं धरून कोंडणारा कोंडवाडेवाला. आपल्या 'कोंडवाडा' शब्दातला वाडा हाच तो, कुंपणाचा मूळ अर्थ जसाच्या तसा सांभाळून बसलेला. मेंढपाळाचा मेंढवाडा घ्या, तिथेही तेच. पेशवाईतल्या चौसोपी वाड्याने या शब्दाला एवढी प्रतिष्ठा आणली की कुंपण विसरलं गेलं. सावंतवाडी आणि वॉशिंग्टन ही नावं एकाच तऱ्हेने बनलेली आहेत. वॉशिंग्टनमधलं शेवटचं 'टन' म्हणजे तेच 'टून', आणि आधी त्या कुळाचं नाव.

वाडी हा शब्द तमिळ-कन्नडमधल्या 'पाडी'वरून आणणारे अभ्यासक आहेत. त्यांचं मला मुळीच पटत नाही. शब्दाच्या आरंभीचा 'प' मराठीत टिकतो: पाणी, पान, पाय. समासात दुसऱ्या पदाच्या आरंभी त्याचा 'व' होऊ शकतो, पण स्वतंत्र 'वाडी'ला तो आधार पुरत नाही. शिवाय 'पाडा' आपल्याकडे वेगळा नांदतोच आहे. ध्वनीतलं साम्य दिसलं की दक्षिणेकडे धावायचं, ही व्युत्पत्ती नव्हे.

किंडरहूकचं नाव निघालं की 'ओके हा शब्द ओल्ड किंडरहूकवरून आला' असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. तेही चूक. अमेरिकन भाषा-अभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी 1960च्या दशकात पुराव्यानिशी दाखवून दिलं की मार्च 1839 मध्ये बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट'च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरं म्हणून ओके छापून आलं होतं. व्हॅन ब्युरेन यांच्या 1840च्या निवडणुकीत त्यांच्या समर्थकांनी 'ओल्ड किंडरहूक' या त्यांच्या टोपणनावावरून ओके क्लब काढले आणि शब्द देशभर पसरला. गावाने शब्द जगवला, जन्माला घातला नाही. गावाच्या नावाचा अर्थ मात्र सरळ आहे: डचमध्ये 'किंडर' मुलं, 'हूक' कोपरा. मुलांचा कोपरा. जर्मन किंडरगार्टनमधलं 'किंडर' तेच, आणि त्यातलं 'किंड' हे संस्कृत 'जात'चं भावंड. नवजात म्हणतो त्यातलं.

मुलांवरून शाळा. तुमच्या मजकुरात 'स्कूल डिस्ट्रिक्ट' येणारच. त्याला 'शालेय जिल्हा' लिहू नका. न्यूयॉर्कने 1812 मध्ये सार्वजनिक शाळांचा कायदा केला आणि प्रत्येक टाउनची छोट्या पट्ट्यांत वाटणी झाली. एका पट्ट्यात एक शाळा, एक खोली, एक मास्तर, आणि कारभाराला गावकऱ्यांनी निवडलेले तिघे विश्वस्त. पोर चालत जाईल एवढाच तो 'डिस्ट्रिक्ट'. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं चित्र डोळ्यांसमोर आणलंत तर सगळा इतिहास उलटा कळेल. पट्टा म्हणा, शाळेचा टापू म्हणा. सरकारी मदत अपुरी पडे. उरलेला खर्च आईबाप मुलाच्या हजेरीच्या हिशेबाने भरत, ही फी 1867 मध्ये रद्द झाली. मास्तर आळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी राहून जेवत. आपल्याकडे वार लावून विद्यार्थी जेवायचा, तिकडे मास्तर.

किंडरहूकच्या सहा नंबरच्या टापूत जेसी मर्विन नावाचे असेच एक मास्तर होते. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंग 1809 मध्ये गावात मुक्कामाला असताना त्यांची ओळख झाली, आणि पुढे 'स्लीपी हॉलो'च्या कथेतला इकॅबॉड क्रेन हा मास्तर मर्विन यांच्यावरून बेतला असं मानलं जातं. खुद्द व्हॅन ब्युरेन यांनी 1846 मध्ये तसं लिहून दिलं. मर्विन यांच्या लाकडी ओंडक्यांच्या शाळेच्या जागी साधारण 1850 मध्ये बांधलेली एकखोली शाळा 1940च्या दशकापर्यंत चालली. आज ती 1737 सालच्या व्हॅन ॲलन घराशेजारी हलवून जपलेली आहे.

मग एकखोली शाळा मिटू लागल्या. न्यूयॉर्कने 1914 मध्ये कायदा करून असे टापू जोडायला वाट करून दिली आणि 1925 पासून त्यासाठी पैसा ओतला. रस्ते झाले, बस आली. देशभरात 1940च्या सुमारास सव्वा लाखाच्या जवळपास असलेले टापू आज तेरा हजारांच्या आसपास आहेत. किंडरहूकची मुलं आता व्हॅलेशातल्या 'इकॅबॉड क्रेन सेंट्रल स्कूल'मध्ये जातात. इथे तुमच्या हातून 'केंद्रीय विद्यालय' लिहिलं जाण्याचा धोका सगळ्यात मोठा. या 'सेंट्रल'चा केंद्र सरकारशी काही संबंध नाही. अनेक छोट्या शाळा मिटवून केलेली एक, असा त्याचा अर्थ. आपली 'केंद्रशाळा'ही तिथे बसत नाही, कारण तिच्या आसपासच्या शाळा चालूच असतात. महाराष्ट्रात 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याच्या चर्चेत 'समूह शाळा' हा शब्द आला. त्या धोरणाला माझा विरोध आहे, पण शब्द नेमका आहे. तोच घ्या.

आणि तुमचं वाक्य: 'किंडरहूक टाउनमधलं किंडरहूक गाव.' टाउन तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजावून सांगा. नायव्हरव्हिलला बेधडक वाडी म्हणा.