दुसरं घर: समुद्रासमोर की गोल्फच्या हिरवळीवर?

"निवृत्ती जवळ आली आहे, हाताशी पैसे आहेत, दुसरं घर घ्यायचंय. समुद्रासमोरचा फ्लॅट घ्यावा की गोल्फ कोर्स असलेल्या टाउनशिपमधलं घर?" हा प्रश्न आधी ब्रोकरकडे जातो, मग सीएकडे. माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतो तोवर नवरा-बायको त्या विषयावर एकमेकांशी बोलायचे थांबलेले असतात. अशा एका जोडप्याचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

त्यांना श्रीधरराव आणि मीनाताई म्हणू. राहायला ठाण्यात. श्रीधरराव औषध कंपनीत वरच्या पदावर, मार्चमध्ये निवृत्त होणार. मीनाताईंनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. मुलगी टोरांटोला, मुलगा पुण्यात. मीनाताईंनी अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातला एक सी-फेसिंग फ्लॅट पाहून ठेवला होता, श्रीधररावांनी मावळातल्या गोल्फ टाउनशिपमधलं एक घर. दोन्हींची किंमत सव्वा कोटीच्या आसपास, त्यामुळे पैशाने निकाल लागत नव्हता.

"समुद्र दोन दिवस बघायचा असतो, मॅडम. तिसऱ्या दिवशी माणूस मोबाइलच बघतो," हे श्रीधररावांचं पहिलं वाक्य.

"आणि ह्यांच्या गोल्फात मी काय करू? छत्री धरून उभी राहू?" हे मीनाताईंचं.

दोघांनी फाइली आणल्या होत्या. मीनाताईंच्या फाइलीत श्रीधररावांनी लाल पेनाने शंका लिहिल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या रास्त होत्या. किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. 2019च्या अधिसूचनेनुसार दाट वस्तीच्या ग्रामीण भागात पहिले 50 मीटर आणि विरळ वस्तीच्या भागात 200 मीटर ना-विकास क्षेत्र असतं. "अगदी वाळूवर" अशी जाहिरात दिसली की आनंद होण्याऐवजी संशय यायला हवा. कोचीजवळ मरडूला खाडीकाठची चार संकुलं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून जानेवारी 2020 मध्ये स्फोटकं लावून पाडली. त्यात फ्लॅट घेतलेल्यांनी कर्जं काढली होती, गृहप्रवेश केले होते. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. रोजची खारी हवा वेगळीच: एसीचं बाहेरचं युनिट गंजतं, खिडक्यांचे स्लायडर अडकतात, बाल्कनीच्या स्लॅबमधली सळई फुगून सिमेंटचे पापुद्रे सुटतात. बंद घरात हे सगळं जास्त होतं, आणि दुसरं घर बहुतेक दिवस बंदच असतं.

श्रीधररावांच्या फाइलीवर मात्र कुणी लाल पेन चालवलं नव्हतं. मीनाताईंना तिथल्या कागदात रसच नव्हता. म्हणून काही प्रश्न मीच विचारले. गोल्फ कोर्सची जमीन कुणाच्या नावावर आहे? घराबरोबर क्लबचं सदस्यत्व मिळतं की त्याचे पैसे वेगळे? तुमच्या पश्चात ते मुलाच्या नावावर होतं का, आणि किती पैसे भरून? बिल्डरला उद्या कोर्स चालवणं परवडेनासं झालं, तर मंजूर आराखड्यात ती जागा मोकळीच राहील असं कुठे लिहिलंय? महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचे कागद बघता येतात; श्रीधररावांनी ते उघडलेच नव्हते. औषधांच्या परवान्यांतला एकही कागद न वाचता सोडणारा हा माणूस इथे ब्रोशरवर विसंबला होता. आपल्याला जे मनापासून हवं असतं त्याचे कागद आपण वाचत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

नंतर मी दोघांशी वेगवेगळं बोलले.

श्रीधरराव बरीच वर्षं दर रविवारी कंपनीच्या कॉर्पोरेट सदस्यत्वावर गोल्फ खेळत होते. चौघांचा ठरलेला गट. नोकरी संपली की सदस्यत्वही संपणार. "खेळ मला काही फार येत नाही," ते म्हणाले, "पण रविवारी पहाटे 'निघालास का?' असा कुणाचा तरी फोन यायला हवा." मी विचारलं, बाकीचे तिघे राहतात कुठे? पवई, चेंबूर, मुलुंड. मावळात त्यांच्यापैकी एकही घर घेणार नव्हता.

मीनाताईंचं माहेर गुहागरच्या बाजूला. वडील गेल्यावर त्यांनी घरावरचं हक्कसोडपत्र सही करून दिलं. त्या वेळी भाऊ म्हणाला होता, "ताई, घर तुझंच आहे, कधीही ये." आता गेलं की वहिनी चहाबरोबर विचारते, "किती दिवस आहात?" वहिनी वाईट नाही, तिला भाज्यांचा हिशोब करायचा असतो. पण त्या एका प्रश्नाने मीनाताईंचं जाणं कमी कमी होत गेलं. अलिबागचा फ्लॅट त्यांना का हवा, हे सांगताना त्या समुद्राबद्दल जेमतेम बोलल्या. बोलल्या त्या आपल्या किल्लीबद्दल.

म्हणजे दोघांनाही हातून गेलेलं, किंवा जाऊ घातलेलं, काहीतरी भरून काढायचं होतं. त्यात गैर काहीच नाही. अडचण एवढीच की सव्वा कोटींत मिळणाऱ्या दोन्ही घरांमध्ये ती गोष्ट मिळणार नव्हती. रेवदंड्याच्या गेटबंद संकुलात मीनाताईंना नावाने ओळखणारं कुणी नव्हतं, आणि मावळात पहाटेचा फोन करणारं कुणी नव्हतं. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. समुपदेशकाने मत देऊ नये म्हणतात, पण इतक्या पैशांचा प्रश्न असताना नुसतं "तुम्हाला काय वाटतं?" विचारत बसणं मला जमत नाही.

मग एक काम दिलं. मागच्या वर्षाचं कालनिर्णय आणा आणि कोणते शनिवार-रविवार खरोखर मोकळे होते त्यांवर गोल करा. लग्नं, बारशी, श्रीधररावांच्या कार्डिओलॉजिस्टची तारीख, सोसायटीची सभा, मुलाकडे पुण्याला जाणं हे सगळं वजा करून गोल उरले अकरा. श्रीधररावांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, म्हणून त्यांना आणखी एक गोष्ट लिहायला लावली: रात्री दोनला छातीत दुखलं तर कुठल्या रुग्णालयात जायचं, आणि गाडी कोण चालवणार? मीनाताई रात्री गाडी चालवत नाहीत. "सुट्टीत मुलं येतील" हे कारण मी दोघांनाही यादीतून खोडायला सांगितलं. टोरांटोची नात दोन वर्षांतून एकदा येते, आणि तिला आजीचं ठाण्याचं घरच आवडतं.

दुसरं काम महागडं होतं. दोन्हीकडे भाड्याने पंधरा-पंधरा दिवस राहा, आणि तेही जुलैत. ब्रोशरमधले फोटो डिसेंबरचे असतात.

किनाऱ्यावर टॉवेल वाळेनात, कपाटाला बुरशी आली, गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद म्हणून पुण्याहून मुंबईत आलेला मुलगा वडखळच्या रहदारीत अडकला. ताजी मासळी मिळाली नाही, कारण 31 जुलैपर्यंत मासेमारीबंदी. कोकणातल्या मीनाताईंना हे ठाऊकच होतं, चिडले ते श्रीधरराव. मीनाताई रोज फेरी मारायच्या आणि वॉचमनशी बोलून परत यायच्या. बाकी मजले अंधारात.

मावळात पावसाने कोर्स निम्मे दिवस बंद. सोमवार ते शुक्रवार तिथेही शुकशुकाट. पण तिथे एक गोष्ट घडली, जी दोघांच्याही फाइलीत नव्हती. जेवण क्लबहाउसमध्ये असायचं, आणि मीनाताई मला म्हणाल्या, "पंधरा दिवसांत एकदाही 'आज काय करू?' हा प्रश्न डोक्यात आला नाही." त्यांनी अलिबागच्या फ्लॅटचं स्वप्न पाहताना तिथलाही ओटा आपल्याच गळ्यात पडणार, याचा विचार केला नव्हता. श्रीधररावांनी तर ठाण्यातल्या ओट्याचाही कधी केला नव्हता. त्या सेशनला आम्ही घराबद्दल बोललोच नाही. स्वयंपाक, बाजारहाट आणि निवृत्त नवरा दुपारी घरात असणं यावरच तास गेला. माझ्या मते त्या जोडप्याचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तेच.

शेवटी त्यांनी काहीच विकत घेतलं नाही. निवृत्तीचं पहिलं वर्ष जाऊ दे, मग बघू, असं ठरलं. मीनाताईंनी माहेरच्या गावापासून जवळच, ओळखीच्यांच्या वाड्यात दोन खोल्या ऑक्टोबर ते मे भाड्याने घेतल्या. समुद्र तिथून चालत पंधरा मिनिटांवर, दिसत नाही. भावाकडे त्या आता दुपारच्या चहाला जातात आणि संध्याकाळी आपल्या खोलीवर परततात. श्रीधरराव महिन्यातले दहा-बारा दिवस तिथे असतात. बाकी रविवारी चौघांचा गट जिथे पैसे भरून खेळता येतं अशा कोर्सवर जातो. पहाटेचा फोन आता तेच बाकी तिघांना करतात. गुहागरच्या खोलीत पोळ्या गावातल्या एका बाईंकडून येतात, भाजी श्रीधरराव आणतात, निवडत मात्र नाहीत.

हा निकाल श्रीधररावांना अर्धाच पटलाय. "भाडं म्हणजे पैसे पाण्यात," असं ते अजून म्हणतात, आणि मावळातलं घर महिन्यातून एकदा तरी ऑनलाइन बघतात. ब्रोकरचे फोन अजून येतात. ते मीनाताई घेतात, भाव विचारतात आणि "ह्यांना विचारून सांगते" म्हणून ठेवून देतात.