सर्व्हलेटमध्ये फॉर्ममधलं मराठी नाव बिघडतं, सर्चमधलं मात्र नीट येतं. असं का?

तुमची तक्रार अशी: टॉमकॅट ९ वर (जावाचे सर्व्हलेट, म्हणजे वेबवरच्या रिक्वेस्टना उत्तर देणारे प्रोग्रॅम, चालवणारा सर्व्हर) नोंदणीच्या फॉर्ममधून ‘ज्ञानेश्वर’ पाठवलं की सर्व्हरवर भलतीच रोमन अक्षरं उमटतात, सर्चच्या चौकटीतून तेच नाव सुखरूप येतं. मग कुठूनतरी मिळालेली ‘गेटबाइट्स’ची ओळ सगळीकडे चिकटवलीत, तर फॉर्म सुधारला आणि सर्चमध्ये प्रश्नचिन्हांची रांग लागली. आधी ती ओळ काढून टाका. ती बरोबर का वाटते ते सांगतो, कारण मीही ती वर्षभर वापरलीय.

ब्राउझर अक्षरं नाही, बाइट पाठवतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘ज्ञानेश्वर’ मोजून बघा: काना, मात्रा आणि पाय मोडायची चिन्हं धरून १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. पण हे बाइट कसे वाचायचे ते साध्या फॉर्मच्या पोस्टसोबत (यात मजकूर यूआरएलमध्ये नाही, रिक्वेस्टच्या बॉडीत जातो) ब्राउझर सांगतच नाही. अशा वेळी सर्व्हलेटचा जुना नियम लागतो: बॉडी आयएसओ-८८५९-१ या जुन्या रोमन अक्षरसंचातली समजा. त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, म्हणून १० चिन्हांची ३० झाली. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ दर तिसऱ्या घरात दिसतो ना? देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच असतो.

सर्च गेटने जातो, नाव यूआरएलमध्ये असतं. तिथे हा नियम नाही. टॉमकॅट ८ पासून यूआरएल मुळातच यूटीएफ-८ म्हणून वाचली जाते. म्हणून तिकडे सगळं आलबेल.

आता ती ओळ. ती स्ट्रिंगचे आयएसओ-८८५९-१ प्रमाणे परत बाइट करते आणि यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाचते. फॉर्मच्या कचऱ्यात मूळ बाइट शाबूत असतात, त्यामुळे नाव परत मिळतं. सर्चमधलं नाव आधीच नीट असतं, आणि त्या जुन्या संचात देवनागरी नाहीच, म्हणून प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं. कचरा परत सरळ करता येतो, प्रश्नचिन्हांतून काही निघत नाही. अशी प्रश्नचिन्हं डेटाबेसमध्ये गेली असतील तर बॅकअपच शोधा.

खरा उपाय एका ओळीचा आहे: रिक्वेस्टवर ‘सेटकॅरेक्टरएन्कोडिंग’ला यूटीएफ-८ सांगा, पण पहिल्या ‘गेटपॅरामीटर’च्या (पाठवलेलं मूल्य वाचणाऱ्या मेथडच्या) आधी. एकदा कुणी एक जरी पॅरामीटर वाचला की बॉडीतले सगळे तिथेच उलगडून ठेवले जातात. नंतर सांगितलेलं कुणी ऐकत नाही आणि एररही येत नाही. माझे दोन दिवस यातच गेले. एन्कोडिंगचा फिल्टर (सर्व्हलेटच्या आधी रिक्वेस्टवर चालणारा कोड) लावला होता, पण त्याच्या आधी लॉगिन तपासणारा फिल्टर होता आणि तो टोकन ‘गेटपॅरामीटर’ने वाचत होता! फिल्टर वापरणार असाल तर तो रांगेत पहिला ठेवा. तुमच्याकडे टॉमकॅट ९ आहे, म्हणजे सर्व्हलेट ४.०; तेव्हा वेब डॉट एक्सएमएल या ॲपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘रिक्वेस्ट-कॅरेक्टर-एन्कोडिंग’ हा टॅग टाकलात की फिल्टरची भानगडच मिटते. मी हल्ली तेच करतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ असू द्या. मराठी जुन्या ‘यूटीएफ८’मध्येही मावतं, पण नावापुढे कुणी इमोजी टाकला की ४ बाइट लागतात.

आणि मराठी कीबोर्ड वापरणारे लोक वयाच्या रकान्यात ‘३४’ असं देवनागरीत लिहितात. मजकुराची संख्या करणारं जावाचं ‘पार्सइंट’ ते बिनतक्रार ३४ म्हणून घेतं, पण त्याआधी तुम्ही रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा तपासायच्या सूत्रात) बॅकस्लॅश-डी, म्हणजे ‘कुठलाही एक आकडा’, वापरून तपासत असाल तर तिथेच नाकारलं जाईल, कारण जावात ते एरवी फक्त इंग्रजी आकडेच ओळखतं.