पुलाखालचा समुद्रघोडा दिसत का नाही?

प्रश्न: मी कोथरूडला राहते, मागच्या वर्षी स्कुबाचा ओपन वॉटर कोर्स केलाय. आता उन्हाळ्यात मुलाकडे फ्लोरिडाला जायचंय. तिथे ब्लू हेरॉन ब्रिज म्हणून एक पूल आहे, त्याच्या खाली डाइव्ह करतात आणि समुद्रघोडे, ऑक्टोपस असं काय काय दिसतं म्हणे. पण माझी भाची तिथे जाऊन आली तर तिला नुसती वाळू दिसली. असं का? आणि आपल्या कोकणातल्या पुलांखाली असं डाइव्हिंग का नाही होत?

उत्तर: ताई, नक्की जा, जागा खरंच भारी आहे. भाचीचं बहुतेक दोनपैकी एक काहीतरी चुकलं असणार, वेळ नाहीतर वेग.

आधी वेळेचं बघू. हा पूल रिव्हिएरा बीच गावात लेक वर्थ लगूनवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्याच्या उथळ पट्ट्यावर आहे आणि लगून समुद्राला मिळतं ते तोंड तिथून अगदी जवळ. भरती आली की बाहेरचं स्वच्छ निळं पाणी आत येतं, ओहोटी लागली की लगूनमधलं गढूळ पाणी बाहेर निघतं, आणि मधल्या वेळात ओढ इतकी असते की खांबाला धरून राहावं लागेल. म्हणून तिथे सगळे पूर्ण भरतीच्या आधी अर्धा-पाऊण तास उतरतात आणि पाणी फिरलं की थोड्या वेळात बाहेर येतात. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे तिकीट काढतानाच भरतीचं टाइमटेबल बघून ठेवा, दिवसा उजेडात पूर्ण भरती येईल असे दिवस धरा.

आता वेग. खोली जेमतेम 6 मीटर, म्हणजे हवा भरपूर पुरते, आणि तरीही लोक या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत सुटतात, मग काय दिसणार! पुलाचा एक खांब निवडा आणि तिथेच दहा-पंधरा मिनिटं काढा. प्रवाहातून सतत खाणं येत असतं, त्यामुळे खांबावर स्पंज, बार्नेकल्स (कवचात राहणारे छोटे जीव), काय काय चिकटून वाढतं आणि त्याच्या आश्रयाने बाकीचे राहतात. स्पंजचा एखादा गोळा जरा जास्तच गुबगुबीत वाटला तर त्याला डोळा आहे का बघा, तो फ्रॉगफिश असू शकतो. डोक्यावरचं आमिष हलवत बसून राहतो आणि मासा जवळ आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत गिळतो. समुद्रघोडा शोधताना घोडा शोधू नका, शेपटी शोधा, कुठल्यातरी काडीला किंवा जुन्या दोरीला वेटोळं घालून असते. वाळूत बिळाच्या तोंडाशी रिकाम्या शिंपल्यांचा ढीग दिसला तर आत ऑक्टोपस असण्याची दाट शक्यता, खाल्लेलं सगळं तो दारातच टाकतो. जॉफिशचा नर तर पिल्लं बाहेर येईपर्यंत अंडी तोंडात धरून असतो, तो दिसला तर लांबूनच बघा, बिचाऱ्याला त्रास नको.

दिवसासुद्धा टॉर्च न्या, पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी उडतो आणि लाल-केशरी प्राणी मातकट दिसतात. पाय वरखाली मारू नका, बेडकासारखे बाजूला मारा, नाहीतर गाळ उडून तुमच्याबरोबर मागच्यांचीही डाइव्ह वाया जाईल. वाळूत हात टेकायचा नाही, स्कॉर्पिअनफिश आणि स्टारगेझर हे विषारी काट्यांचे मासे तिथेच दडून असतात. वरून बोटी जातात म्हणून डाइव्ह फ्लॅग, म्हणजे खाली डाइव्हर आहे हे सांगणारा झेंडा, सोबत हवाच, तो तिथला कायदा आहे. आणि समुद्रघोड्याच्या तोंडावर फ्लॅश मारत बसू नका प्लीज.

कोकणाचं म्हणाल तर आपले बहुतेक पूल खाडीवर आहेत, खाडीत नदीचा गाळ येतो, भरती-ओहोटीचा फरक फ्लोरिडापेक्षा बराच जास्त, उधाणाला तर ओढ विचारू नका, वर होड्यांची ये-जा आणि तळाला तुटलेली जाळी. हाताचं बोट दिसणार नाही अशा पाण्यात जाळ्यात अडकणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यापेक्षा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठ्या ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर जा, डबक्यांमध्ये सी-ॲनिमोन (फुलासारखे दिसणारे प्राणी), खेकडे, नशीब असेल तर छोटा ऑक्टोपसही दिसतो. बघायची नजर तिथेच तयार होते, आणि फ्लोरिडात तीच कामाला येईल.

प्रश्न: मालवणला डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने पुण्याला निघालं तर चालतं का? (वाचक, सिंहगड रोड)

उत्तर: नका निघू. विमानाचा नियम सगळ्यांना पाठ असतो, एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि जास्त डाइव्ह झाल्या असतील तर 18 तास, पण घाट कुणाच्या लक्षातच येत नाही. हा नियम 600 मीटरपासून पुढच्या उंचीला धरतात आणि आंबोली साधारण 700 मीटरवर आहे. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. रात्री मालवणातच मुक्काम करा, छान मासे खा, दुसऱ्या दिवशी दुपारी आरामात निघा. घाट चढल्यावर सांधे दुखायला लागले, मुंग्या आल्या किंवा चक्कर आली तर दमलो असेन म्हणून झोपू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि डाइव्ह केली होती हे डॉक्टरांना आधी सांगा.