पोरीला जोड मिळत नाही, शाळा लहान आहे. कुस्ती पुढे न्यायची कशी?

पारोळा तालुक्यातल्या एका गावाहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. शेती कापसाची, आणि तरुणपणी स्वतः यात्रेतल्या कुस्तीच्या दंगलींत उतरलेले. मुलगी 14 वर्षांची, यंदा नववीत जाईल, वजन 45 किलो. गावच्या हायस्कुलात पाचवी ते दहावी मिळून 160 मुलं. त्यांत कुस्ती करणारी ही एकटीच, सरावाला सोबत सहावीतला धाकटा भाऊ. मुख्याध्यापक म्हणाले, "एका पोरीसाठी खेळ कसा सुरू करणार? चार-पाच जमवा, मग बघू." पत्राच्या शेवटी त्यांनी अहिराणीत एकच ओळ लिहिली आहे: "ताई, मनी आंडेर कुस्ती खेयस, पन तिले जोडच भेटत नही." म्हणजे माझी मुलगी कुस्ती खेळते, पण तिला जोड, तिच्या अंगाची दुसरी मुलगी, मिळतच नाही. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. या खेळात तिचं पुढे काय होईल? आणि इतक्या लहान शाळेत बाकीची पोरं कुस्तीकडे आणायची कशी?

दादा, नमस्कार.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्यातच अडकलं आहे. तुम्ही शेवटी जी ओळ लिहिलीत, तिच्यात सगळं आलं.

काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातली एक मुलगी माझ्याकडे कुस्ती शिकायला यायची. तालुक्याला तिच्या वजनगटात दुसरं नावच नव्हतं. जिल्ह्याला समोरची आलीच नाही. न खेळता हातात दोन प्रमाणपत्रं आली, शाळेने फळ्यावर अभिनंदन लिहिलं, आणि पोर विभागाला नाशिकला गेली. मी मॅटच्या कडेला बसले होते. समोरच्या मुलीने खाली वाकून तिचा दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरले, आणि तिला पाठीवर घातलं. पाठ टेकू नये म्हणून मान रोवून कंबर उचलायची असते, हे तिला तोंडपाठ होतं. पण दुसऱ्या कुणाचं वजन छातीवर घेऊन तसं तिने कधी केलंच नव्हतं. मिनिटभरात खांदे टेकले. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली, ते धुळ्यापर्यंत बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने नाव दिलं नाही. पोरीत काही कमी नव्हतं. तिला जोड न देता पुढे पाठवलं ते आम्ही मोठ्यांनी, आणि पाठवणाऱ्यांत मीही होते.

म्हणून मुख्याध्यापकांचं म्हणणं मला अर्धं पटतं. कबड्डीला मैदानात 7 लागतात, खो-खोला 9. तिथे मुलं कमी पडली की संघच उभा राहत नाही. शालेय कुस्तीचं तसं नाही. आपल्याकडे ती एकेकट्याची लढत आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी एकटी मुलगी चढू शकते, फक्त तिचं नाव शाळेकडून जावं लागतं. अमेरिकेतल्या हायस्कुलांत शाळेविरुद्ध शाळा अशी सांघिक कुस्ती होते. तिथे बरीच वर्षं 14 वजनगट भरावे लागत, आणि रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक गटाचे 6 गुण समोरच्या शाळेला जातात. त्यामुळे तिथल्या लहान शाळा शेजारच्या शाळेशी मिळून एकच संघ करतात. आपल्यावर ती सक्ती नाही. उद्या तुमच्या शाळेने एकटी तुमची मुलगी उतरवली तरी शाळेचं काहीच जात नाही. हे सरांना जरूर सांगा.

पण सरावाला एकटीचं भागत नाही. भावाशी सराव चालू ठेवा, तरी तो तिच्यापेक्षा बराच हलका असणार. हलक्या अंगाशी खेळून तिला खेचायची सवय लागेल आणि स्वतः खेचलं गेल्यावर काय करायचं ते कळणारच नाही. यात्रेत जोड लावताना पंच काय करतात, ते तुम्ही पाहिलं आहे. दोघांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, मांड्या बघतात, आणि कमी-जास्त वाटलं तर तिसऱ्याला हाक मारतात. तुम्हाला शाळेसाठी तेच करायचं आहे. 160 मुलांतून पहिलवान शोधायचे नाहीत. 45 किलोच्या पोरीजवळ 43 ची एक आणि 48 ची एक उभी करायची आहे. तुमच्या गावात नसतील तर शेजारच्या गावात असतील. बैलगाडीच्या वाटेवरची तीन-चार हायस्कुलं धरा. एकेका शाळेत तीन-तीन मुलं निघाली तरी चार शाळांत मिळून बारा होतात, आणि बाराजणांत जोड्या लागतात.

यासाठी शनिवार धरा. शनिवारी शाळा सकाळची असते, अकराच्या सुमाराला पोरं मोकळी होतात. आलटून-पालटून न फिरता एकच गाव ठरवा, जिथे व्यायामशाळा आहे किंवा निदान मारुतीच्या देवळामागे सावली आहे. खेळशिक्षक प्रत्येक शाळेत नसेल. तुमच्याकडे गणिताचे सरच शिटी वाजवतात असं तुम्ही लिहिलंय. चालेल. चार शाळांत मिळून कुस्ती समजणारा एक माणूस पुरतो, बाकीच्यांनी फक्त मुलं आणून पोचवायची. बाकीचे पाच दिवस आपापल्या गावात दोरीच्या उड्या, दंड, बैठका आणि धावणं.

जागेबद्दल एक सांगते. स्पर्धेची मॅट 12 मीटर बाय 12 मीटरची असते आणि आतलं वर्तुळ 9 मीटरचं. ती घ्यायला लहान शाळेकडे पैसे नसतात, आणि मॅट नसली म्हणून सुरुवात अडत नाही. मातीवर करा. फक्त शेतातली काळी माती आणून टाकू नका. वाळली की तिची ढेकळं होतात आणि पावसात चिखल. नदीकाठचा मऊ पोयटा किंवा लाल माती आणा, चाळून घ्या, हळद-ताक-तेल घालून मुरवा आणि रोज उकरा. पण स्पर्धेच्या महिनाभर आधी तालुक्याच्या गावी मॅट असेल तिथे मुलांना दोन-तीनदा नेऊन आणा. मातीत पाय रुततो, मॅटवर घसरतो. पहिल्यांदाच मॅटवर उभं राहिलेलं पोर खेळण्याआधी बावरतं.

शिकवायला तुम्ही स्वतः उभे राहा. तुमच्या हातात ढाक, घिस्सा असे डाव आहेत, ते तिला पुस्तकातून मिळणार नाहीत. मात्र दंगल आणि शालेय स्पर्धा यांत फरक आहे, तो आधी शिकून घ्या. दंगलीत चितपट झाल्याशिवाय निकाल नाही, दोघं दमेपर्यंत बसू शकतात. इथे 17 वर्षांखालच्यांना दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या मिळतात, पट काढून खाली घेतलं की 2 गुण, आणि फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. दम धरून बसलेला पहिलवान इथे हरतो. मुली फ्रीस्टाइलच खेळतात, म्हणजे पायही धरता येतात. कमरेखाली पकड न चालणारी ग्रीको-रोमन मुलांपुरती आहे.

आता मुलं कुणाकडून मागायची? "पहिलवान कोण होणार?" असं वर्गात विचारलं की दणकट दोघं हात वर करतात आणि बाकीचे हसतात. विचारूच नका. किरकोळ अंगाच्या मुलांकडे जा. व्हॉलीबॉलला ती उंचीने मागे पडतात, कबड्डीत त्यांना राखीव म्हणून बसवतात. कुस्तीत मात्र 17 खालच्या मुलांचा सगळ्यात हलका गट 41 ते 45 किलोचा आहे आणि मुलींचा 36 ते 40 चा. बारक्या पोराला त्याच्याच अंगाच्या पोराशी लढायला मिळतं, असा खेळ शाळेत दुसरा कुठला आहे? हे त्याला समोर बसवून सांगा. माझ्या अनुभवात अशी मुलं सर्वांत टिकून राहतात, कारण कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना बोलावलेलं असतं. मग कबड्डीच्या मुली. पाय धरणं, पकडीतून निसटणं त्यांच्या अंगात आधीच असतं, फक्त गुडघा जमिनीला टेकवून आत शिरायला शिकवायचं.

आणि महिन्याच्या आत कुस्त्या लावा. तीन महिने नुसते दंड-बैठका काढायला लावल्या तर चौथ्या शनिवारी निम्मी पोरं येणार नाहीत. सारख्या वजनाच्या जोड्या, दोन मिनिटं, आई-बाप कडेला, आणि बक्षीस सगळ्यांना. तुम्ही लिहिलंत की पहिल्या कुस्तीत जिंकलेलं पितळी भांडं अजून देवघराजवळ आहे. मग पोरांनाही असं काहीतरी हातात द्या.

मुलींसाठी आयांशी बोलावं लागेल, आणि ते तुम्ही किंवा सरांनी बोलून भागायचं नाही. एखाद्या शिक्षिकेला पुढे करा, तुमच्या घरच्या वहिनी बोलल्या तर अजून चांगलं. आया कशाला घाबरतात ते मी पुष्कळ ऐकलं आहे. कपडे, पाळी, कान मोडणं, आणि लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील. बहुतेक गोष्टींना सरळ उत्तर आहे. सरावाला ट्रॅकपँट आणि टी-शर्ट चालतो. पाळीच्या दिवसांत पोरीने स्वतः ठरवावं. सरावाच्या जागी दार लागणारं शौचालय हवं, आणि सराव चालू असेपर्यंत एक बाई तिथे हजर हवी. या दोन गोष्टी नसतील तर मुली बोलावूच नका, आधी त्या करा. लोक काय म्हणतील, याला उत्तर म्हणून सांगा की 2004 पासून मुलींची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आहे, साक्षी मलिकने 2016 ला रिओत कांस्य आणलं, आणि 2023 ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, ती प्रतीक्षा बागडीने जिंकली.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. दसरा-दिवाळीला कापूस फुटतो आणि वेचणीला आधी घरातली पोरगी जाते. स्पर्धाही नेमक्या पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालतात. दादा, तुम्ही कापूसवाले आहात म्हणून तुम्हालाच सांगते. शनिवारचे दोन तास वेचणीतून वगळा, आणि बाकीच्या पोरींच्या बापांनाही तसं कबूल करायला लावा. तुम्ही स्वतः केलंत तर ते ऐकतील.

वजनाबाबत कडक राहा. तिला 43 च्या गटात बसवायला कुणी म्हणेल, "दोन दिवस पाणी तोड, पळव." अजिबात नाही. 1997 मध्ये अमेरिकेत महिन्याभराच्या आसपास तीन कॉलेजचे पहिलवान वजन उतरवताना दगावले, त्यानंतर तिथले नियम बदलले. विनेश फोगाटसारखी खेळाडू, रात्रभर घाम गाळून, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 ग्रॅमने बाद झाली. मोठ्यांचं हे असं होतं, तर वाढीच्या वयातल्या पोरीशी खेळू नका. 45 किलोची मुलगी 46 च्या गटात उतरेल, वाढली तर 49 च्या. पोटभर जेवू द्या. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, उडदाची डाळ, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, आणि केळी तर आपल्या जिल्ह्यातच पिकतात. नखं कापलेली असावीत, आणि अंगावर गजकर्ण दिसलं तर ते बरं होईपर्यंत त्या पोराला मातीत उतरवू नका. एकामुळे बाराजणांना होतं आणि आया मुलं पाठवणं बंद करतात.

आता तिचं पुढचं. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. खान्देशातल्या लहान गावातून हे होतं, एवढं त्यातून घ्या. प्रत्येकीचं होईल असं मी म्हणणार नाही. कुस्तीवरच पोट चालणारे फार थोडे असतात. पण कुस्तीमुळे उघडणारी दारं त्याहून जास्त आहेत. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ते नुसत्या सहभागावर मिळत नाही, वरच्या पातळीवरची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून न खेळता मिळालेल्या कागदावर समाधान मानू नका. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक मिळून 50 गुणांची मैदानी चाचणी असते. कुस्तीने घडलेले खांदे आणि दम तिथे उपयोगी पडतात. शिकवायची आवड असेल तर बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी करून शाळेत, किंवा पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षकाची पदविका. यातल्या कशालाही दहावी-बारावी चुकत नाही. नववी-दहावीत रोज दीड तास कुस्ती, त्याहून जास्त नको, आणि संध्याकाळचा अभ्यास तसाच राहू द्या. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आणि लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या, म्हणजे मुलांना ठेवून घेऊन खेळ शिकवणाऱ्या तुकड्या, लहान वयातच मुलं निवडतात, या कंपन्यांची वयोमर्यादा 8 ते 14 आहे. तुमच्या धाकट्यासाठी ते आत्ताच विचारून ठेवा.

शाळा जूनच्या मध्याला उघडेल, त्याच आठवड्यात एक काम करा. गावातल्या कापूस व्यापाऱ्याचा काटा हंगामाबाहेर रिकामाच असतो, तो दोन तास मागून घ्या आणि आठवी ते दहावीची जी पोरं-पोरी येतील त्यांचं वजन घ्या. शेजारच्या तीन शाळांच्या सरांनाही आपापल्या गावी तसंच करायला सांगा. मग एका कागदावर सगळी नावं वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने लिहा. मुलींची वेगळी, मुलांची वेगळी. ज्या दोन नावांत तीन किलोच्या आतला फरक असेल, त्यांना एकाच गोलात घ्या. किती गोल झाले ते मोजा, आणि तो कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे जा.