गोटुलावर लिहिणारा पाद्री

प्रश्न : मी गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, मूळची अमरावतीकडची. गावातल्या गोटुलाविषयी, म्हणजे तरुणांनी आणि गावानं जमायच्या सामाईक घराविषयी, मुलांकडून माहिती लिहून घ्यायचं मनात आहे. पण सहकारी म्हणतात, गोटुलावर एका इंग्रज पाद्र्यानं वाह्यात पुस्तक लिहिलंय, तो बाटवायलाच आला होता, तुम्ही त्या भानगडीत पडू नका. हा पाद्री कोण? त्याचं लेखन वाचावं का?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, तो माणूस म्हणजे व्हेरिअर एल्विन. जरूर वाचा.

बाटवायला आला होता, हे खरं नाही. एल्विन बिशपचा मुलगा. ऑक्सफर्डला शिकला, अँग्लिकन चर्चची दीक्षा घेतली आणि १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. तिथं त्याला शामराव हिवाळे भेटले, पुढं आयुष्यभराचे सहकारी. पुढं गांधीजींकडे ओढला गेला. गोंडांमध्ये जाऊन काम करा, हे त्याला सुचवलं आपल्या वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी. १९३२ च्या जानेवारीत तो आणि शामराव मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी जाऊन राहिले. तेव्हा मंडला आणि आपला चांदा जिल्हा (आताचे चंद्रपूर आणि गडचिरोली) एकाच मध्य प्रांतात होते. नागपूरच्या बिशपांनी इंग्रज राजाशी निष्ठेची शपथ मागितली, ती त्यानं घेतली नाही, म्हणून धर्मकार्याचा परवानाही मिळाला नाही. गोंडांना ख्रिस्ती करायला तो तयार नव्हता. शेवटी १९३५ मध्ये त्यानं चर्चच सोडलं. १९५४ साली तो भारताचा नागरिक झाला.

तुमचे सहकारी म्हणतात ते पुस्तक ‘द मुरिया अँड देअर घोटुल’, १९४७ चं, सातशेवर पानांचं. तरुण मुलामुलींच्या संबंधांवर त्यात मोकळेपणानं लिहिलंय, म्हणून वाह्यात म्हणत असतील. पण ते पुस्तक बस्तरमधल्या मुरिया आदिवासींचं आहे. तिथं मुलंमुली दोघंही घोटुलात झोपत. आपल्याकडच्या माडिया आदिवासींत मुली रात्री गोटुलात झोपत नाहीत. त्यामुळं ते पुस्तक हातात धरून धानोऱ्याचा गोटुल बघू नका.

मी हे कळकळीनं सांगतो, कारण माझ्या हातून चूक झालेली आहे. १९७९ मध्ये एटापल्लीकडे माझी पहिली नेमणूक. मुलं रात्री गोटुलात ढोल वाजवायची आणि सकाळी वर्गात पेंगायची. मी छडी उगारून गोटुलात जायला बंदी केली. दुसऱ्या दिवशी गावचे पाटील आले. भांडले नाहीत. माझा हात धरून मला गोटुलात घेऊन गेले. मधोमध राख, अजून ऊन होती. भोवती बसायचे ओंडके, पिढ्यान्‌पिढ्या बसून बसून गुळगुळीत झालेले. म्हणाले, “गुरुजी, तुमची शाळा पाचला बंद होते. भांडण मिटवायचं कुठं? पाहुणा आला तर झोपवायचा कुठं? पंडुमाचा, सणाचा दिवस ठरवायचा कुठं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बंदी मी त्याच दिवशी उठवली. एल्विन मी त्यानंतर वाचला, आधी वाचायला हवा होता.

सुरुवात ‘लीव्हज फ्रॉम द जंगल’पासून करा. करंजियातली रोजनिशी आहे ती, १९३६ ची. सोप्या इंग्रजीत आहे. मग ‘द बैगा’ घ्या. बैगा आदिवासींची बेवर शेती, म्हणजे झाडं तोडून-जाळून राखेत बी पेरायची फिरती शेती, सरकारनं बंद केली तेव्हा त्यांचं काय झालं, ते त्यात आहे. धरतीमाय ही आपली आई, नांगरानं तिची छाती कशी फाडायची, असं ते म्हणत. जंगलाच्या हक्काची गोष्ट गडचिरोलीत राहून ज्यांना कळते, त्यांना हे पुस्तक परकं वाटणार नाही.

एल्विनचं सगळंच मानू नका मात्र. बैगांसाठी राखीव मुलूख ठेवावा, असं त्यानं सुचवलं. आपले समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या पुस्तकात त्यावर कडाडून टीका केली. आदिवासींना वेगळं काढणं त्यांना मान्य नव्हतं. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. सावकार आणि ठेकेदार आपण डोळ्यांनी पाहिलेत, म्हणून बाहेरचे लोक आदिवासींना लुबाडतील ही एल्विनची भीती खरी वाटते. पण माडिया पोरीला डॉक्टर व्हायचं असेल तर कुंपण कोणी घालायचं?

आणखी एक सांगतो, तुम्ही बाई आहात म्हणून मुद्दाम. एल्विननं १९४० मध्ये कोसी नावाच्या राजगोंड मुलीशी लग्न केलं. १९४९ मध्ये ते मोडलं. आदिवासींच्या बारीकसारीक गोष्टींवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या या माणसानं आत्मचरित्रात तिच्यावर मोजक्या ओळी लिहिल्या. ते मला आजही खटकतं.

मुलांच्या कामाला लागा. आधी पाटलांना आणि गायत्याला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, विचारा. खांब, छत, ढोल यांची नावं माडिया भाषेतच लिहून घ्या, मराठी शेजारी. मुलींना त्यांच्या आजीशी बोलायला पाठवा. आणि वही पुरी झाली की शाळेच्या कपाटात बंद करू नका, गोटुलात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. चुकलेलं म्हातारे तिथंच दुरुस्त करतील.