साठ दिवसांची मुदत आणि तवक्कुल

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव काढून थोडक्यात देते:

‘मिस्टरांची नोकरी गेली. ते एच-वन-बीवर (नोकरीला जोडलेल्या अमेरिकेच्या व्हिसावर) आहेत, त्यामुळे नवी सोय लावायला हातात साठच दिवस. सासूबाई रत्नागिरीहून रोज फोनवर सांगतात, रडू नकोस, तवक्कुल (अल्लाहवर भरवसा) ठेव. मिस्टर म्हणतात, अल्लाह मालिक आहे. पण वकिलाला फोन करा म्हटलं की चिडतात. मला रात्र रात्र झोप नाही. माझं ईमान (श्रद्धा) कच्चं आहे का? मुलांना अजून काही सांगितलेलं नाही.’

ताई, नाही. झोप उडाली म्हणून ईमान कच्चं ठरत नाही. कुराणातला यूसुफ हा अध्याय, म्हणजे सूरह यूसुफ, पुन्हा एकदा अर्थासकट वाचा. हजरत याकूब पैगंबर होते, तरी हरवलेल्या मुलाच्या, यूसुफच्या, दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले. आजूबाजूचे लोक त्यांनाही बोलले, की किती त्या यूसुफची आठवण काढाल! त्यावर त्यांचं उत्तर होतं, मी माझं दुःख अल्लाहकडेच मांडतोय. याच सूरहमध्ये ते बाकीच्या मुलांना मिसरला (इजिप्तला) पाठवताना बजावतात की सगळे एकाच दरवाजाने शिरू नका, वेगवेगळ्या दरवाजांनी जा. आणि त्याच आयतीत (वचनात) पुढे म्हणतात की हुकूम अल्लाहचाच चालतो, माझा भरवसा त्याच्यावरच आहे. रडणं, खबरदारी घेणं आणि तवक्कुल, तिन्ही एकाच माणसाच्या ठायी आहेत. तुम्हाला यातलं एकच निवडायला कुणी सांगितलं?

आता मिस्टरांकडे वळू. ‘आधी उंट बांध, मग तवक्कुल कर’ ही तिर्मिजीच्या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) त्यांनी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेल आणि त्यामुळेच ती आता कानावरून जाते. त्यांना हिजरत, म्हणजे पैगंबरांचं मक्केहून मदिनेला जाणं, आठवायला सांगा. सन 622. मक्केत जिवावर उठलेले लोक, आणि पैगंबर साहेबांना (स.) मदिनेला जायचंय. हजरत अबू बक्र यांनी दोन उंटिणी चार महिने आधीपासून चारा घालून तयार ठेवल्या होत्या. मदिना उत्तरेला, पण दोघे निघाले दक्षिणेला, सौर डोंगरातल्या गुहेकडे. तिथे तीन रात्री काढल्या. अबू बक्र यांचा मुलगा अब्दुल्लाह दिवसभर मक्केत वावरायचा आणि रात्री येऊन खबर द्यायचा. आमिर बिन फुहैरा संध्याकाळी मेंढ्या तिकडे वळवायचे, म्हणजे दूधही मिळायचं आणि पावलांच्या खुणाही पुसल्या जायच्या. वाटाड्या म्हणून मजुरी देऊन घेतला अब्दुल्लाह बिन उरैकित. तो मुसलमानही नव्हता, पण वाळवंटातली वाट त्याला पक्की ठाऊक होती.

इतकं सगळं झाल्यावर शोधणारे गुहेच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. तेव्हाचे शब्द कुराणात आहेत: ‘ला तहजन, इन्नल्लाह मअना’, दुःख करू नकोस, अल्लाह आपल्यासोबत आहे. करण्यासारखं काहीच हातात उरलं नव्हतं, तेव्हा उच्चारलेलं हे वाक्य आहे. मिस्टर ते पहिल्याच दिवशी म्हणून मोकळे झालेत. आपल्याकडे ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणतात, ते अरबी शब्दांत म्हटलं म्हणून तवक्कुल होत नाही. (हे त्यांना असंच्या असं वाचून दाखवू नका, भांडण होईल.) माझा अंदाज असा, की त्यांचं चिडणं भीतीचं आहे. वकिलाला फोन केला की नोकरी गेल्याचं खरं होतं, म्हणून तो टळतोय.

तरी तो फोन या आठवड्यातच व्हायला हवा. हे साठ दिवस जास्तीत जास्त आहेत. आय-94 वरची (अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीवरची) तारीख त्याआधी संपत असेल तर मुदत तिथेच संपते. मोजणी साधारणपणे पगारी नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होते, तो दिवस नेमका कोणता धरायचा हे वकिलालाच आधी विचारा. मुदतीच्या आत नव्या कंपनीने अर्ज दाखल करायला हवा, किंवा तुम्ही दुसऱ्या स्टेटससाठी अर्ज करायला हवा. तुम्ही आणि मुलं एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असाल तर तेही त्यांच्याच स्टेटसवर टेकलेलं आहे, म्हणजे प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आरोग्य विम्याचंही बघा. कंपनीचा जुनाच विमा कोब्राखाली (नोकरी गेल्यावरही तो स्वतः हप्ता भरून चालू ठेवू देणाऱ्या कायद्याखाली) चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला साधारण साठ दिवस मिळतात, पण हप्ता चांगलाच महाग पडतो, म्हणून मार्केटप्लेसवरचे (सरकारी विमा-बाजारातले) दर शेजारी ठेवून बघा.

इस्तिखाऱ्याबद्दल (निर्णयाआधी अल्लाहकडे मार्गदर्शन मागण्याच्या नमाजीबद्दल) तुम्ही विचारलेलं नाही, पण सासूबाई सुचवतीलच. जरूर करा. दोन रकात नफ्ल (ऐच्छिक नमाज) आणि ती दुआ (प्रार्थना). फक्त स्वप्नाची वाट बघत बसू नका, स्वप्न पडलंच पाहिजे अशी काही अट नाही. दुआतलं मागणं असं आहे: हे काम माझ्या भल्याचं असेल तर सोपं कर, नसेल तर ते माझ्यापासून दूर ने, आणि भलं जिथे असेल तिथून दे आणि मला त्यात राजी ठेव. ‘जिथे असेल तिथून’ यात रत्नागिरीसुद्धा येते हे लक्षात असू द्या. तवक्कुल म्हणजे व्हिसा मिळण्याची हमी नाही. परत जावं लागलं तर आपला भरवसा कमी पडला, असा हिशेब पुढे कुणी घरात मांडला तर तो मानू नका.

दर रमजानमध्ये जकात (धर्माने बंधनकारक केलेलं दान) काढणाऱ्या घराला हात पसरायचा म्हटलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं, मला कल्पना आहे. पण सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितलेत, त्यांत गरजू आहेत आणि कर्जात अडकलेलेही आहेत. क्रेडिट कार्डावर व्याज चढवत भाडं भरण्यापेक्षा मशिदीच्या कमिटीशी खासगीत बोलणं बरं. तुमच्या भागातल्या महाराष्ट्र मंडळातही कळवा. पैशांसाठी नव्हे, नोकरीच्या ओळखींसाठी. कुणाच्या कंपनीत जागा आहे हे अशाच ठिकाणी कळतं.

सासूबाईंवर रागावू नका. इतक्या लांबून त्यांच्या हातात फोन आणि दुआ एवढंच आहे. पण ‘रडू नकोस’ ऐकून तुम्ही गप्प होत असाल तर त्यांना सरळ सांगा, ‘अम्मी, मला रडू द्या आणि तुम्ही दुआ करा.’ एक काम मात्र त्यांच्यावर सोपवण्यासारखं आहे. मुलाने वकिलाला फोन केला का, हे रोज त्यांनी विचारायचं. तुम्ही विचारलं तर ती कटकट होते, आईने विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.

मुलांना या शनिवार-रविवारी सांगा, आणि दोघांनी मिळून सांगा. अब्बांची नोकरी गेली आहे, ते दुसरी शोधतायत, कदाचित घर बदलावं लागेल, कदाचित देशही. ‘सगळं ठीक होईल’ असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. शाळेतल्या मित्रांना काय सांगायचं असं ती विचारतील. ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.